भाजी मोजायची नाही

काशीनाथपंत मोकाशी यांची आठवण झाली की ते मला प्रथम दिसतात ते धार शहराच्या धान्यबाजारात, काट्याच्या पारड्यात बसलेले. ज्या काट्यावर गव्हाची पोती तोलीत, त्याच्या एका पारड्यात पंत मांडी घालून, डोळे मिटून, संध्येला बसावे तसे बसत. दुसऱ्या पारड्यात हमाल एकेक मणाचा धोंडा ठेवी. बसण्यापूर्वी पगडी, उपरणे, जोडा आणि बोटातली अंगठी शेजारच्या ओट्यावर काढून ठेवलेली असे. काट्याचा मालक बोंदरजी हा माळव्यातला जुना अडत्या. तो दर सोमवारी तोच विनोद करी.

"जनेऊ बी उतार दो, पंडतजी. थोडो हलको हुई जाएगो."

"वो नौ धागे का है, सेठ. नौ तोले का नहीं," पंत डोळे न उघडता म्हणत, आणि हसत. त्यांच्या हसण्याला आवाज नसे. फक्त पोट हाले, आणि पोटाबरोबर पारडे हाले. मग काटा स्थिर होईपर्यंत सगळ्यांना थांबावे लागे.

मी त्या वेळी तिशीचा होतो. गावातील एका खासगी डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून औषधे मिसळीत असे. आमचे घर शिंप्याचे. आजोबा दक्षिणेतून एका सरदाराच्या लवाजम्याबरोबर आले आणि त्यांचे पोशाख शिवता शिवता धारेचेच झाले. मी दोन इयत्ता इंग्रजी शिकलो होतो आणि त्याचा मला गर्व होता. त्याहून मोठा गर्व होता तो माझ्या संशयी स्वभावाचा. दवाखान्यात पथ्य पाळल्याची शपथ घेणारा रोगी ओठाला चटणी लागलेली घेऊन येतो, हे मी रोज पाहत असे. माणसाचे तोंड एक सांगते आणि जीभ दुसरेच दाखविते, असा माझा सिद्धांत झाला होता. हा दोष मी तेव्हा हुशारी समजत असे.

पंतांना काट्यावर बसण्याची पाळी का आली, ते सांगतो. ज्या सरदार घराण्याचा उल्लेख मी केला, त्यांच्या दसऱ्याच्या मिरवणुकीत सर्वांच्या पुढे भगवे निशाण घेऊन घोडीवर बसण्याचा मान मोकाशांचा होता. पंतांचे आजोबा बसले, वडील बसले, आणि वडिलांच्या मागे पंत. वर्षातील इतर सर्व दिवस पंत म्हणजे सरदारांच्या कचेरीत पत्रांच्या नकला करणारे एक साधे गृहस्थ. दसऱ्याच्या दिवशी मात्र तो अवाढव्य देह खोगिरावर चढला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसे आपोआप मान वर करीत. आदल्या वर्षी सीमेवर शमीपूजनाला जाताना चढावर घोडी गुडघ्यांवर बसली. पंत पडले नाहीत, पण निशाण कलले आणि त्याचे टोक मातीला टेकले. बायकांनी तोंडाला पदर लावला. घोडीचे गुडघे टेकल्याचा आवाज आणि त्यानंतरची शांतता दोन्ही मला आठवतात.

चैत्रात सरदारांच्या कारभाऱ्यांनी पंतांना सांगितले, "घोडीला तुम्ही झेपत नाही. दसऱ्यापर्यंत पावणेतीन मणांच्या आत या. नाहीतर यंदा निशाण दत्तोपंतांच्या हाती."

दत्तोपंत हे पंतांचे चुलत भाऊ. सडपातळ, गोड बोलणारे, आणि पंतांच्या प्रकृतीची चौकशी अंमळ अधिकच करणारे. त्या दिवशी बोंदरजीच्या काट्यावर पंत तीन मण सात शेर भरले.

आमचे डॉक्टर मुंबईत शिकलेले होते. त्यांनी पंतांना समोर बसवून समजाविले की अन्न म्हणजे शरीराचे जळण होय. कोणत्या अन्नात किती उष्णता आहे, याचे माप विलायतेतील विद्वानांनी काढले आहे. खर्चापेक्षा अधिक जळण घातले की ते चरबी होऊन साठते. मग त्यांनी मला तक्ता लिहावयास सांगितला. दोन प्रहरी दीड भाकरी, दहा तोळे तांदळांचा भात, एक वाटी वरण, भातावर तूप एक तोळा. रात्री एक भाकरी. साखर, गूळ, बटाटा, रताळे, सुरण पूर्ण वर्ज्य.

"आणि भाजी?" पंतांनी विचारले.

"भाजीत सारे पाणीच. पालेभाजी, दुधी, दोडका, पडवळ पोटभर खा. भाजी मोजायची नाही."

पंतांचा चेहरा उजळला. "म्हणजे डॉक्टरसाहेब, एक तरी दार उघडे ठेवलेत."

हे वाक्य मी मनात टिपून ठेवले. ज्याला पथ्य मनापासून पाळावयाचे आहे, तो उघडे दार कशाला शोधील, असे मला वाटले.

डॉक्टरांनी पंतांवर लक्ष ठेवण्याचे काम मला दिले. मी पितळी ताजवा घेऊन दर दोन दिवसांनी पंतांच्या घरी जाई. पंतांची पत्नी पूर्वीच वारली होती, मूल नव्हते. घर चालवीत त्यांच्या वडील बहीण, आक्का. त्या बालविधवा. स्वयंपाक कडक सोवळ्यात. मी ओसरीवर बसून तांदूळ, पीठ आणि तूप तोलून देई, पंत ते माजघराच्या उंबऱ्यावर ठेवीत आणि आतून एक हात येऊन घेऊन जाई. आक्का माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. बोलावयाचे झाले तर भावाला म्हणत, "काशी, त्यांना सांग, तांदूळ निवडल्यावर तोलायचे की आधी?" किंवा "त्यांना विचार, चतुर्दशीला उपास धरला तर तूप दुसऱ्या दिवशी मिळेल का?" इतक्या बारकाईने विचारणारी बाई नियम मोडणार नाही, हे मला दिसत होते. म्हणून माझा संशय त्या उंबऱ्यापर्यंत जाई आणि तेथेच वळून पंतांवर येई.

पहिल्या महिन्यात पंत पाच शेरांनी उतरले. बोंदरजीने सर्वांदेखत पेढा देऊ केला आणि पंतांनी दोन्ही हात जोडून तो परत केला. दुसऱ्या महिन्यात एक शेर. नंतर काटा अडला. तीन मण एक शेर. पुन्हा तीन मण एक शेर.

"तम तो वेसा का वेसाज हो, पंडतजी," बोंदरजी हळहळला.

पंतांनाही संशय येऊ लागला, पण तो माणसांचा नव्हे. प्रथम त्यांनी बोंदरजीच्या धोंड्यांवर संशय घेतला आणि दुसऱ्या अडत्याकडे जाऊन बसले. वजन तेच. मग धोतरावर घेतला, कारण पावसाळी हवेत कापड पाणी धरते, आणि तीन दिवस चुलीपाशी वाळविलेला पंचा नेसून आले. वजन तेच. त्यानंतर त्यांचे मत असे झाले की दत्तोपंत रोज सकाळी देवीपुढे पंतांच्या जाडपणाचा नवस बोलतात.

"तुम्ही हसू नका, गोपाळराव," ते मला म्हणाले. "मी घरी दीड भाकरीवर उठतो. माझे वजन दुसऱ्या कोणाच्या तरी इच्छेने टिकते आहे."

मी हसलो नाही. मी त्यांच्या गालांकडे पाहत होतो. उपाशी माणसाचे गाल असे दिसतात काय, असे मनाशी विचारीत होतो.

ज्येष्ठ सरत असताना एके संध्याकाळी मी त्यांना हलवायाच्या दुकानाशी पाहिले. हलवायाने गरम जिलबीचा द्रोण त्यांच्या हाती दिला. पंतांनी इकडे तिकडे पाहिले आणि द्रोण उपरण्याखाली झाकला. माझ्या छातीत एक आनंदाची कळ उठली, हे मी आज कबूल करतो. सापडले, असे वाटले. मी त्यांच्या मागे निघालो. ते पागेच्या मागील गल्लीत शिरले आणि एका खोपटापुढे बसले. तेथे रहीममियाँ राहत असे. हा सरदारांचा जुना सईस. आता दोन्ही डोळ्यांनी अंध झालेला. पंतांना लहानपणी घोड्यावर प्रथम त्यानेच बसविले होते. पंतांनी द्रोण त्याच्या मांडीवर ठेवला.

"आप भी लो ना, हुजूर," म्हातारा म्हणाला.

"तुम खाओ, मियाँ. हम सुनते हैं."

आणि ते खरोखरच मान तिरपी करून ऐकत बसले. "कुरकुरी है? पाक टपक रहा है?" असे विचारीत होते. म्हातारा जिलबी दाताखाली मोडी आणि पंत आवंढा गिळीत. मी लिंबाच्या झाडाआड होतो. द्रोण रिकामा झाल्यावर पंत न वळताच मोठ्याने म्हणाले, "गोपाळराव, झाडामागे लपायचे तर पांढरे उपरणे घेऊन येऊ नये. या, बसा. मियाँ, ये हमारे दारोगा हैं."

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. पण मनुष्याचे मन पाहा. घरी पोहोचेपर्यंत मी स्वतःला समजाविले होते की पंतांना मी मागे आहे हे आधीच ठाऊक असावे आणि हा सारा देखावा माझ्यासाठी केला असावा. एकदा दुसऱ्याला खाऊ घातले, म्हणून दर वेळी दुसऱ्यालाच खाऊ घालतो, असे कोठे ठरते? संशयाला पुरावा मिळाला तर तो पुष्ट होतो, आणि नाही मिळाला तर अधिकच पुष्ट होतो. शरीराच्या चरबीसाठी डॉक्टरांजवळ तक्ता तरी होता.

श्रावणात डॉक्टरांनी पंतांना चालावयास सांगितले, म्हणून आम्ही दोघे मांडूच्या गडावर गेलो. पायथ्यापर्यंत बैलगाडी, पुढे पायी. धुके उतरले होते आणि पडक्या कमानींतून ढग माणसांसारखे ये-जा करीत होते. पंत धापा टाकीत पण थांबत नव्हते. दर वळणावर "ही चढण घोडीची, ही माझी" असे म्हणत. दुपारी एका तलावाच्या काठी आक्कांनी दिलेली शिदोरी सोडली. दीड भाकरी, मोजून. आणि एक गडवाभर मेथीची भाजी. पंतांनी भाकरीचे लहान लहान तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यावर भाजीचा ढीग घेतला.

"मोजायची नाही ना?" त्यांनी मिस्किलपणे विचारले.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी पळसाच्या पानावर मलाही थोडी वाढली. भाजी फार चवदार होती. तिच्यात डाळ होती, खोबरे होते आणि पान तेलाने चकाकत होते. माझ्या बोटांनाही तेल लागले आणि ते मी गवताला पुसले. तोलण्यासाठी जन्मलेला मी, पुरावा बोटांवर घेऊन बसलो होतो आणि तो गवताला पुसून टाकीत होतो. त्या वेळी मी पाहत होतो ते पंतांच्या पिशवीकडे. तिच्यात आणखी काही लपविले आहे काय, हे मला जाणून घ्यावयाचे होते. ते पाय धुवावयास गेले तेव्हा मी ती पिशवी उघडून पाहिली. तिच्यात एक पंचा आणि पोथी होती.

भाद्रपद सरत आला. पंत तीन मणांवर होते. पावणेतीन आता होणार नाही, हे सर्वांना दिसत होते. तेव्हा कारभाऱ्यांनी दवाखान्यात माणूस पाठविला. डॉक्टर आठ दिवसांसाठी महूस गेले होते, म्हणून मी गेलो.

कारभारी म्हणाले, "सरदारांच्या मनात पंतांविषयी माया आहे. देवासास आमच्या एका स्नेह्यांकडे दांडगा घोडा आहे. साडेतीन मणांचा माणूस हसत नेईल. तो दसऱ्यापुरता आणता येतो. पण सरदारांचे म्हणणे एकच आहे. पंतांनी शब्द पाळला असेल तर घोडा बदलू. पाळला नसेल तर माणूस बदलू. तुम्ही सहा महिने त्यांच्या घरी जाता. पंत पथ्य पाळतात की नाही, एवढेच सांगा."

मजजवळ जे होते ते असे. सहा महिने मी त्यांच्यामागे हिंडलो होतो आणि एकदाही त्यांना काही वर्ज्य खाताना पाहिले नव्हते. तोललेल्या पिठातील चिमूटभरही इकडे तिकडे झाले नव्हते. "पाळतात, असे मी पाहिले आहे. वजन का अडले, ते मला समजत नाही," एवढे सांगितले असते तर ते सत्य होते. परंतु "समजत नाही" हे शब्द माझ्या तोंडातून निघेनात. दोन इयत्ता इंग्रजी शिकलेल्या मनुष्यास ते जड गेले.

"पथ्य पाळणाऱ्याचे वजन असे अडून राहत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे चोरून खातात?"

"मी तसे म्हणत नाही. काटा म्हणतो."

कारभाऱ्यांनी मान हलविली. तेवढेच पुरे झाले.

दसऱ्याला दत्तोपंत घोडीवर बसले. ते निशाणाखाली इतके लहान दिसत होते की दुरून निशाण आपले आपणच चालल्यासारखे वाटे. पंत घरात बसले नाहीत. पगडी घालून, नवा अंगरखा चढवून ते वाटेच्या कडेला उभे राहिले आणि निशाण समोर आले तेव्हा त्यांनी त्याला सर्वांच्या आधी लवून मुजरा केला. मागून कोणीतरी म्हणाले, "पथ्य म्हणे! लाडूंचे पथ्य असेल." आजूबाजूची माणसे हसली. पंतांची मान लवलेली होती, ती जरा अधिक वेळ लवलेलीच राहिली.

कारभाऱ्यांनी पंतांना माझे नाव सांगितले नव्हते. मान गेला त्याचे पंतांना जितके लागले, त्याहून अधिक लागले ते हे की आपण खोटे ठरलो. कचेरीत त्यांच्या समोर कोणी डबा उघडला की दुसरा खाकरे. मकरसंक्रांतीनंतर त्यांनी धार सोडण्याचे ठरविले. देवासास त्यांचा एक मावसभाऊ होता, त्याच्या ओळखीने तेथे एका पाठशाळेत मोडी शिकविण्याचे काम मिळणार होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. पंत गाडीवाल्याकडे गेले होते. परत फिरणार तोच माजघरातून आवाज आला. आक्का प्रथमच माझ्याशी, मधे कोणासही न घालता, बोलत होत्या.

"अहो, एक विचारू? तुमचे ते शास्त्र खोटे कसे हो निघाले?"

"कोणते, आक्का?"

"भाकरी अर्ध्यावर आणलीत. भातही नावाला. मोठा देह, त्याने का उपाशी उठायचे? तुम्हीच म्हणालात, भाजी मोजायची नाही. मग मी भाजीच नीट करीत गेले. पालकाला पीठ लावायचे, दुधीत तिळाचे कूट, मेथीत डाळ नि खोबरे. वरून फोडणी चांगली सढळ. गूळ तेवढा घातला नाही हो, तो तुम्ही बंद केला होता. एवढे पोटात जाऊन अंगावर काही दिसू नये म्हटले होते डॉक्टरांनी, नि दिसले ते दिसलेच!"

मी उंबऱ्याकडे वळून विचारले.

"फोडणीला तेल किती घालीत होतात?"

"फोडणीचे तेल का कोणी मोजते?" आक्का म्हणाल्या. त्यांच्या स्वरात नवल होते, आणि ते खरे होते. तूप म्हणजे भातावरचे. तेल, कूट, पीठ हे भाजीतले, म्हणजे भाजीच. आमच्या घरीही माझी आई असेच समजत होती. तक्ता लिहिताना हे विचारावयाचे काम माझे होते. आक्कांनी एकही नियम मोडला नव्हता. पंतांनीही मोडला नव्हता. मोडला होता तो मी, जे पाहिले तेवढेच सांगण्याचा; आणि मला तपासणारे कोणी नव्हते, कारण नियम तपासणारा मीच होतो.

मी त्याच दिवशी कारभाऱ्यांकडे जावयास हवे होते. गेलो नाही. मनाला सांगितले की दसरा होऊन गेला. पुढच्या दसऱ्यास पाहू. पुढच्या दसऱ्यास सांगितले की पंत गावात नाहीत, आता उपयोग काय. खरे एवढेच होते की "चुकले ते माझे" हे म्हणण्यासाठी मला वाट दिसत होती, आणि त्या वाटेवर मला कोणी पाहावे असे वाटत नव्हते.

नऊ वर्षे गेली. डॉक्टर वारले, कारभारी बदलले, दत्तोपंत स्वतः स्थूल झाले. माझा थोरला मुलगा विषमज्वरातून उठला त्या वर्षी मी एकटाच देवासास गेलो. मुलगा वाचला म्हणून देवीच्या टेकडीवर जाण्याचा नवस होता. निदान घरी मी तसे सांगितले होते.

देवास हे चमत्कारिक गाव. तेथे राज्ये दोन, एका रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची आणि दुसरी धाकट्या पातीची. पंतांचे घर विचारले तर एका दुकानदाराने सांगितले, "समोरच्या राज्यात, तिसरे दार." पंत माजघरात पानावर बसले होते. दार उघडे होते. देह अर्धा झाला होता. पथ्याने नव्हे, वयाने आणि मधुमेहाने. गळ्याची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. पलीकडे चुलीशी आक्का, पाठीला बाक आलेल्या.

"अरे, दारोगा!" पंत म्हणाले. "या, तेथेच ओटीवर बसा. मला उठता येत नाही, पान मांडले आहे. धारेचे काय? काटा कोणाकडे आहे हो आता? मला अजूनही वाटते, त्या बोंदरजीच्या काट्यात दत्तूचा हात होता. तुम्ही नीट पाहिले नाहीत."

मी ओटीवरून, दारातून, जे सांगावयास आलो होतो ते सांगितले. कारभाऱ्यांनी काय विचारले, मी काय उत्तर दिले. शब्द जसेच्या तसे. स्वयंपाकघराविषयी मी काही बोललो नाही. आक्कांच्या हातातली पळी थांबलेली मला दिसत होती.

पंतांनी हातातला भाकरीचा तुकडा पानावर ठेवला.

"तुम्हाला तेव्हा खरेच वाटत होते, मी चोरून खातो?"

"होय."

"आणि आज?"

"आज नाही."

"का?" त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. "आज का नाही? काट्याने तेव्हा सांगितले ते तर बदललेले नाही. तेव्हाही माझा शब्दच होता, आताही शब्दच आहे. मधे तुम्हाला काय कळले?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. उत्तर द्यावे तर त्या म्हातारीला तिच्या भावासमोर उघडे करावे लागणार होते. न द्यावे तर पंत माझा पश्चात्तापही खोटा समजणार होते, आणि तो अधिकार त्यांना होता. मी म्हणालो, "मला तसे वाटते, एवढेच." ते ऐकून पंतांच्या तोंडावर जो भाव आला, तोच भाव मी सहा महिने त्यांच्यापुढे घेऊन हिंडलो होतो. ते माझ्यावर संशय घेत होते.

तेव्हा आक्का चुलीपासून उठल्या. भिंतीला धरून पानापाशी आल्या.

"त्यांना विचारू नकोस, काशी. मला विचार."

आणि त्यांनी सर्व सांगितले. पालकातले पीठ, मेथीतली डाळ, फोडणी. देवासास आल्यावर लवकरच मावसभावाच्या घरी एक वैद्य तेलावरून बोलत असताना त्यांना ते उमगले होते. त्या दिवसापासून त्यांनी ते पोटात ठेवले होते. "तुझा मान मी तळून खाल्ला रे," त्या म्हणाल्या, आणि पदराने तोंड झाकले.

मी खाली पाहत राहिलो. वर पाहण्याचे धैर्य नव्हते. मग पंतांचा आवाज आला.

"किती घालीत होतीस?"

"पळीभर. कधी दोन."

"आज?"

"आज अर्धी. त्या वैद्याने सांगितल्यापासून अर्धीच."

"तरीच," पंत म्हणाले. "नऊ वर्षे मी म्हणतो आहे, देवासच्या पाण्याला चव नाही."

त्यांचे पोट हलले. आता ते हलण्यासारखे फारसे उरले नव्हते, तरी हलले. आक्का पदराआडून रडत होत्या की हसत, ते मला कळले नाही. मी धीर करून म्हणालो, "पंत, मलाही क्षमा..."

"तुमचे निराळे आहे, गोपाळराव," ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकणे अधिक कठीण गेले. "हिने घातले ते माझ्या पोटात गेले. तुम्ही सांगितले ते गावभर गेले. ते मी कसे परत आणू?"

धारेस परतल्यावर मी नव्या कारभाऱ्यांना, आणि जे कोणी जुने ऐकणारे उरले होते त्यांना, जे घडले ते सांगितले. काहींनी ऐकून घेतले, काहींना पंत कोण हेच आठवेना. पुढच्या वर्षी पंत गेले. ही हकीकत मी आज पन्नाशी उलटल्यावर लिहितो आहे तीही त्यासाठीच. ज्यांच्यापर्यंत माझे ते बोलणे गेले, त्यांच्यापैकी एखाद्यापर्यंत तरी हे जावे.

त्या दिवशी मी ओटीवरून उठलो तेव्हा त्यांनी मला थांब म्हटले नाही आणि जा असेही म्हटले नाही. रस्ता ओलांडून दुसऱ्या राज्यात गेल्यावर मी एकदा मागे वळलो. उघड्या दारातून पंतांची पाठ दिसत होती, रुंद आणि किंचित वाकलेली. आक्का भाजीचे पातेले घेऊन त्यांच्यासमोर उभ्या होत्या, वाढू की नको, असे न बोलता विचारीत. पंतांनी पानावर हात आडवा धरला नव्हता.